मधल्या नळ्या

— लिवून देतो ना साहेब, नाय कुठं म्हटलं. फक्त आधीच सांगून ठेवतो, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निघतील, आन् शब्द आमचे साधेच, तुमच्या हापिसात जो कोण वाचंल त्यानं हसू नये एवढंच. आठवीत शाळा सोडली मी. बॅनरवरची अक्षरं थर्माकोलात कापतो ती पण आधी माझा दोस्त संदेश कागदावर काढून देतो, मग मी तशीच्या तशी कापतो — म्हणजे हात चालतो, शब्द दुसऱ्याचे. तर आधी बोलू का? बोलून झालं की लिवतो. बोलायचीही सवय नाय मला, पण लिवण्यापेक्षा बरं. तुमी बसा, ती खुर्ची डुगडुगते, ही घ्या, मांडवाची हाय, मोडणार नाय.

आन् पहिली गोष्ट, मघाशी जे बोललो ते धरू नका. तुमचं आयकार्ड बघायच्या आधी जे बोललो ते. मला वाटलं तुमी मुलाकडचे. आमच्याकडं तसंच असतं ना — मुलगी बघायला यायच्या आधी एक जण गुपचूप येतो, स्टँडवर चहा पितो, विचारतो, माणसं कशी, मुलगी कशी, भावाचा धंदा काय. तुमी पण तसेच आलात, धसईला उतरून मनालीचं घर विचारत, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. आईनं आत कांदा चिरायला घेतला लगेच. आन् तुमी विचारलं, बहीण तुझ्याशी मोकळं बोलते का — तर मुलाकडच्या माणसाला काय सांगतात? म्हटलं, सगळं सांगते, माझ्यापासून काय लपवत नाय, हापिसातलं सुद्धा सांगते. म्हणजे घर कसं, तर हसतंखेळतं. साहेब, मुलाकडच्याला कोण सांगंल की बहीण महिन्यातनं एकदा येते, जेवते, आईचे पाय चेपते आन् भिंतीकडं तोंड करून झोपते? तुमी तेवढ्यात ते कार्ड काढलंत. तेच मी आधी बघितलं असतं तर हे वाक्य माझ्या तोंडातनं आलंच नसतं.

— मागं घेत नाय, खरं सांगतोय. मागं घेणं वेगळं.

बरं, तिला त्या अणुभट्टीच्या गाभ्याच्या कामावरनं बाजूला बसवलंय म्हणता. चौकशी होईपर्यंत. जयंतीनंतर लगेच? म्हणजे इतके दिवस — बघा, आमाला एका शब्दानं नाय बोलली. शेजारच्या गिरजाकाकूच्या घरी फोन येतो तिचा, आई पदर खोचून पळत जाते, ती विचारते गुडघा कसा, बाबांची रात्रपाळी बदलली का, महेंद्र वेळेवर जेवतो का. बसवून ठेवलंय हे नाय सांगितलं. आन् तुमी मला विचारता, ती घरी बोलते का.

— हो, येतो मुद्द्यावर.

मी शाळा सोडली ती तिच्यासाठी नाय, हे पण लिवा पाहिजे तर. लोकं म्हणतात, भावानं कष्ट केले, बहिणीला शिकवलं — खोटं. मला वर्गात उभं केलं की तोंड उघडायचं नाय, येत असलं तरी, मास्तर म्हणायचे मुका हायस का, पोरं हसायची, एक दिवस गेलोच नाय. मुरबाडला डेकोरेटरकडं राहिलो, मखरं कापायला शिकलो. आन् ती शिकत गेली. पण तिची एक सवय होती — धडा पाठ झाला की तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला झोप नाय. बाबा कामावर, आई दमलेली, तर मी. मी तापलेल्या तारेनं थर्माकोल कापायचो, ती दुसरं टोक धरायची आन् बोलत राहायची. मला म्हणायची, तू कसा, पटत नसलं की तार थांबवतोस, मग मला कळतं इथं माझंच कच्चं हाय. असं करत करत ती कॉलेजला गेली, कल्याणला, मग मुंबईला, आन् मी इथं बसून अणू शिकलो. हसू नका. कण फुटतो, त्यातनं बारके कण उडतात, ते शेजारच्याला फोडतात, हे मला तेव्हापासनं माहीत. नळ्यांत इंधन भरायचं, नळ्या उभ्या मांडायच्या, मधनं पाणी. फार जवळ मांडल्या तर एक तऱ्हा, फार लांब मांडल्या तर आग धरतच नाय. ती मांडणी म्हणजे गाभा. आई ऐकत होती, म्हणाली, म्हणजे लावणीच की गो, रोपात अंतर नसलं तर दाणा भरत नाय. मनाली केवढी हसली तेव्हा. म्हणाली, आई, तुलाच घेऊन जाते परीक्षेला.

— हे कॉलेजातलं, साहेब. पुस्तकातलं. तेव्हा ती तुमच्याकडं नव्हती. तारीख लिवता? लिवा.

मग तिला तुमच्याकडं नोकरी लागली. आधी दुसरं कायतरी काम होतं, मग दोन वर्षांनी त्या गटात घेतलं, नव्या भट्टीचा गाभा ठरवायच्या. नवी भट्टी, वाळूतल्या थोरियमवर चालणारी — हे मी पेपरात वाचलं, वडापावच्या कागदावर, तिनं नाय सांगितलं. त्या दिवशी ती पेढे घेऊन आली. मी थर्माकोल काढलाच होता, गणपतीच्या ऑर्डरी होत्या, लोकांच्या. ती बसली, टोक धरलं. मी वाट बघितली. ती काय बोलंना. म्हटलं, ताई, मांड की नळ्या, किती, कशा? तर ती खाली बघून म्हणाली, "महेंद्र, ते नाय सांगायचं." बस. एवढंच. आन् टोक मात्र धरून राहिली सगळं कापून होईपर्यंत.

त्या दिवसापासनं नाय बोलली. कामाचं नाय आन् — आता बोलतोच हाय तर — कामाचं गेलं की आमच्यात दुसरं बोलायचं काय उरलंच नाय. मला काय ती सासूसुनांचं सांगणार? आमचं बोलणं तेच होतं. घरी आली की विचारायची, ऑर्डरी कशा हायत. पाहुण्यासारखं. मी म्हणायचो, बऱ्या हायत.

आता देखावा. जयंतीला दर साल आमच्या मंडळाची ट्रॉली असते. आतापर्यंत स्तूप झाला, संसद झाली, घटनेचं मोठं पुस्तक झालं, पानं उलटणारं, ते पण मीच केलेलं. यंदा पोरं म्हणाली नवीन कायतरी. मी कधी बैठकीत बोलत नाय, मागं बसतो चपलांजवळ. पण त्या दिवशी बोललो. म्हटलं, आपली मुलगी अणुभट्टीचा गाभा बनवते, बाबासाहेब म्हणाले शिका, तर आपण तो गाभाच काढू ट्रॉलीवर. मग संदेश उठला, म्हणाला, मुका बोलला, आता करावंच लागंल.

का बोललो? — अभिमान, दुसरं काय.

— बरं. अभिमान तर होताच. पण साहेब, मला वाटलं, मी चुकीचा गाभा करीन. चुकणारच ना, मला कुठं माहीत. आन् ती येईल, बघंल, आन् तिला राहवणार नाय. म्हणंल, अरे असं नसतं, हे उलटं केलंस. लहानपणी मी तार थांबवली की ती कशी परत पहिल्यापासनं सांगायची, तसं. एवढंच. एकदा म्हणावं तिनं, चुकलास. त्यासाठी केला सगळा. हे लिवू नका, हे घरातलं हाय.

फाइलीतल्या फोटोत बॅनरवर तुमी मघापासनं बोट ठेवताय. "मार्गदर्शन : कुमारी मनाली". साहेब, मार्गदर्शक लागतोच. कुठलाही बॅनर बघा आमच्याकडं, मुरबाड ते शहापूर, कबड्डीचे सामने असोत नायतर बारसं — वर फोटो, खाली शुभेच्छुक, आन् एक मार्गदर्शक. नाव घातलं नाय तर माणूस रुसतो. मागच्या साली मार्गदर्शक म्हणून सोमाचं नाव होतं, म्हणजे बाबांचं, संसदेच्या देखाव्याला. बाबांनी संसद कधी बघितलीय? ते एमआयडीसीत वॉचमन हायत. मान म्हणून घालतात. आन् साप्ताहिकाला बातमी संदेशनं दिली, त्याला तेवढंच येतं लिवता — "यांच्या मार्गदर्शनाखाली साकारलेली हुबेहूब प्रतिकृती". तो प्रत्येक बातमीत हुबेहूब लिवतो. रायगड केला होता पलीकडच्या आळीनं, तो बुटक्या कपाटासारखा दिसत होता, त्याला पण हुबेहूब. तुमच्या साहेबांनी तो शब्द खरा धरला, आता काय करायचं आमी?

— मधल्या नळ्या? काय मधल्या नळ्यांचं? तुमी तिसऱ्यांदा विचारताय. फोटोवर लाल पेनानं गोल केलाय तो तुमीच का? आधीपासनं होता. बरं.

सांगतो. त्यात काय नाय. पाण्याचे पांढरे पाइप आणले, थर्माकोलच्या जाड पाट्याला भोकं पाडून उभे केले, ओळीत. वर जिलेटिनचा लाल कागद, आत बल्ब. सगळीकडं शंभरचा बल्ब लावला, जनरेटर चालू केला. झकास दिसलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. थोड्या टाइमानं वास यायला लागला. बघतो तर मधला पाटा वितळून खाली बसलाय, पाइप एकमेकांवर कलंडलेले, आन् कडेचे तसेच ताठ. का? तर कडेच्या बल्बाला एका बाजूनं वारा, मधल्याला चारी बाजूंनी शेजाऱ्याची धग. त्याची स्वतःची आन् वर शेजाऱ्यांची. मग मी काय केलं, मधी नवा पाटा घातला, त्यात झिरोचे बल्ब टाकले, त्याच्या बाहेर साठचे, आन् कडेला शंभरचे. पाटा सगळीकडं सारखा तापला, कुठं वितळला नाय. म्हणून फोटोत मधलं मंद दिसतंय. कुणी सांगितलं नाय मला, साहेब. थर्माकोलनं सांगितलं. तो वितळलेला गोळा अजून माळ्यावर हाय, काढून देतो, घेऊन जा, तुमच्या तिकडच्या साहेबांना दाखवा, भाजल्याच्या खुणा बघतील ते.

— तुमी लिवायचं थांबलात.

का? त्यात काय एवढं? तुमच्या खऱ्या गाभ्यात पण मधी वेगळं असतं का? ... नाय, नका सांगू. मला नाय ऐकायचं. मी नाय विचारलं असं धरा.

थांबा, पाणी पितो.

म्हणजे तुमाला वाटतंय की तिनं सांगितलं आन् मी हे थर्माकोलचं आता रचतोय. तसं असतं तर मी आधी शंभरचे बल्ब आणून पाटा कशाला जाळला असता? पोरांना विचारा. संदेशला विचारा, त्याच्या हाताला चटका बसला, खूण असंल. हो, पोरं आमचीच, आमच्या बाजूनंच बोलणार, तेही खरं. पण मग साहेब, आमच्या बाजूला जो नाय त्याला कसं माहीत असणार आमच्या घरातलं?

मिरवणुकीत ती होती, हो. आली होती सकाळच्या गाडीनं, पांढरी साडी, निळी किनार. तिला माहीत नव्हतं काय केलंय, मीच सगळ्यांना सांगितलेलं, बोलू नका. ट्रॉली विहारापासनं निघाली, बँजो पार्टी पुढं, दिवस कलला होता, दिवे लावले. ती बायकांमधी होती. मी ट्रॉलीच्या चाकाजवळ चालत होतो, तिच्याकडंच बघत. ती वळली. आधी बॅनर बघितला, कपाळाला आठी पडली. मग नळ्या बघितल्या, हसली, खरंच हसली, जुनं हसू, मला वाटलं आता येते आन् म्हणते चुकलास. जवळ आली. मी म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, जन्मात एवढा मोठ्यानं बोललो नसेन — ताई, बरोबर हाय का? सगळी बघतायत. तिची नजर मधल्या दिव्यांवर गेली, कडेला गेली, परत मधी आली, आन् तिनं हात तोंडावर —

— काय नाय. बँजो वाजत होता.

नाय, पुढं काय नाय. वळली, बायकांमधी गेली. हात तोंडावर म्हणजे जांभई असंल, सकाळपासनं प्रवास करून आलेली. धूळ असंल. एप्रिल होता, ऊन लागलं असंल. ते लिवलंत का तुमी? खोडा ना. मी सांगितलं ते फक्त हे की ती काय बोलली नाय. बरोबर म्हणाली नाय, चूक म्हणाली नाय. सगळ्या गावासमोर सख्ख्या भावानं विचारलं, आन् ती एक शब्द नाय बोलली. माझं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं लाज वाटली तिला, बल्बवाल्या भावाची. मी संदेशला म्हटलं पण, मोठी झालीय, आपल्याशी कशाला बोलंल. तिला ऐकू जाईल असं म्हटलं. जना मावशीनं मला दटावलं, गप रे, सणाचा दिवस हाय.

आता तुमच्यासमोर बसून सांगतोय तर — चूक म्हणाली असती तरी ते सांगणंच झालं असतं, नाय का? मग बरोबर काय, हा प्रश्न आलाच असता. आन् हसून टाळलं असतं तर लोकांनी हो धरलं असतं. तिला गप्पच राहावं लागलं. आन् मी म्हटलं, मोठी झालीय.

— देखावा कुठंय? दाखवला असता, पण नाय आता. शहापूरची पोरं मागत होती बुद्धपौर्णिमेला, सोमवारी ट्रॉली घेऊन येतो म्हणाली. नाय दिला. तोडला मी. पुरावा नष्ट केला असं नका लिवू साहेब, मला तेव्हा पुरावा हा शब्द पण डोक्यात नव्हता. राग होता. पाइप गिरजाकाकूनं नेले, कारल्याच्या वेलांना पाणी द्यायला लावलेत, जाऊन बघा, तुमचा गाभा कारली पिकवतोय.

कधी तोडला? दुसऱ्या दिवशी सकाळी. ती मुक्कामाला होती, पहिल्या गाडीनं जायची होती. मी मागल्या दारी ट्रॉलीवरनं एकेक पाइप उपसला, करवत घेतली, कापायला बसलो. पाइप लांब, एकट्यानं धरता येत नाय, गोल फिरतो, करवत सटकते. दोनदा बोटाला लागली. ती पिशवी खांद्याला लावून बाहेर आली, हापिसची साडी. उभी राहिली. मी वर नाय बघितलं. कापत राहिलो. मग तिनं पिशवी ओट्यावर ठेवली, खाली बसली, आन् पाइपाचं दुसरं टोक धरलं. घट्ट. मी कापलं. तिनं दुसरा पाइप पुढं सरकवला. मी कापला. मग मधला पाटा आला, तो तिनंच हातात घेतला आन् गुडघ्यावर मोडला, बारीक बारीक केला, भोकं दिसू नयेत इतका. पहिली गाडी गेली. दुसरी गेली. सगळं संपेपर्यंत बसली. आई आतनं म्हणत होती, मनाले, हापिसाला उशीर होतोय ना गो. हात झटकले, पिशवी घेतली, माझ्या बोटाला स्वतःच्या रुमालाची पट्टी बांधली आन् गेली. मी मनात म्हटलं, माफी मागून गेली. इतके दिवस तेच धरून होतो, की माफी मागायला बसली होती.

— तिनं का धरलं? म्हणजे, का विचारता? लहानपणापासनं धरते ती टोक, सांगितलं ना.

नाय. तोडायला तिनं नाय सांगितलं. करवत माझी, हात माझा. ती फक्त बसली होती. पाटा पण मीच मोडला, मघाशी चुकून बोललो. मीच मोडला, लिवा.

द्या तो कागद. पेन हाय माझ्याकडं. थांबा, मान खाली घातली की मला बोलता येत नाय, तर गप राहा जरा.

.

झालं. वाचतो. "मी महेंद्र सोमा. देखावा मी माझ्या मनाने केला. मधले दिवे थर्माकोल वितळला म्हणून बदलले. माझी बहीण मनाली माझ्याशी कामाचं काही बोलत नाही. ती घरी आली की गप्प असते." सही केली खाली. मुलाकडचा कोण आला तर त्याला नका दाखवू हे, एवढं करा.

— आणखी? आणखी काय राहिलं?

मधल्या दिव्यांकडं बघून तिचं तोंड कसं झालं, ते?

ते नाय सांगायचं, साहेब.

आई, पोहे राहू दे. साहेबांची मुरबाडची गाडी लागलीय.